भिन्नमत मांडणारा

८ ऑगस्ट

माननीय विरोधी पक्षनेते,

बातमी तुझ्या कानावर गेली असेलच, पण ती माझ्या हातची यावी म्हणून लिहिते आहे. राज्यशास्त्र अभ्यासकांच्या आपल्या मंडळाचं अध्यक्षपद यंदा माझ्याकडे येतंय. माजी अध्यक्षांची बैठक झाली, चहा झाला, दोन नावं निघाली, एक गळालं आणि उरलेलं माझं होतं. जन्मभर निवडणुकांवर पुस्तकं लिहिणारी माणसं स्वतःची निवडणूक किती शिताफीनं टाळतात ते तुला ठाऊक आहे. आता नोव्हेंबरमध्ये कार्यकारिणीनं नावावर शिक्का मारायचा आणि डिसेंबरच्या अधिवेशनात माझं भाषण.

भाषणाचा विषय तू ओळखला असशील. संस्था टिकतात कशावर? मी म्हणणार नियमांवर, आणि तू म्हणणार माणसांच्या एकमेकांविषयीच्या भिडेवर. विद्यार्थ्यांच्या अभिरूप संसदेत मी सभापती होते आणि तू विरोधी पक्षनेता, तेव्हापासून आपण हेच भांडतोय. ती नावं चिकटली ती चिकटलीच. फोनवर आपण एकमेकांची तब्येत विचारतो, भांडण मात्र कागदावरच करतो.

तर मुद्द्याचं. अध्यक्षांचं भाषण संपलं की पहिल्या रांगेतून एकानं उठून त्यावर भिन्नमत मांडायचं, आणि तो माणूस अध्यक्षांनीच निवडायचा, ही आपल्या मंडळाची जुनी रीत. विरोधी पक्षाचं महत्त्व शिकवणाऱ्यांनी निदान एक दिवस तो घरात ठेवावा म्हणून संस्थापकांनी ती घातली. तू मला एकदा विभागाच्या जिन्यात म्हणाला होतास, "तू अध्यक्ष झालीस तर भिन्नमत माझं." तेव्हा आपल्याला कोणी टाचणीही देत नव्हतं. आता ती वेळ आली आहे.

आमच्या ताईला ऐकू कमी येतं, पण अध्यक्षपदाचं सांगितल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला तो, "तो येणार ना?" मी म्हटलं, येईल. मला खोटं पाडू नकोस. पहिल्या रांगेत मला तूच हवा आहेस.

सभापती


२ सप्टेंबर

सभापती महोदया,

अभिनंदन. हे पद तुझ्याकडे फार आधी यायला हवं होतं. दादांना आणि वहिनींना पत्र वाचून दाखवलं. दादा म्हणाले, "छान." वहिनींनी विचारलं, अध्यक्ष झाल्यावर गाडी मिळते का? नाही म्हटल्यावर त्यांचा उत्साह जरा मावळला.

इकडे सगळं नेहमीसारखं. वाचनालयात नवी कपाटं आली आहेत, त्यांची दारं लागत नाहीत. दोन म्हातारे अजूनही रोज वर्तमानपत्राच्या पहिल्या पानासाठी झोंबतात, आणि ते मिळालं की दोघंही डुलक्या काढतात. माझं तिकडे जाणं हल्ली कमी झालंय, गुडघे कुरकुरतात. दुपारी घरीच वाचत पडतो.

भिन्नमताचं बघू या. माझ्यापेक्षा तरुण आणि धारदार माणसं तुझ्याभोवती पुष्कळ आहेत. त्यांच्यातल्या कुणाला संधी दिलीस तर मंडळालाही बरं.

तुझा खोकला कसा आहे?

विरोधी पक्ष


९ सप्टेंबर

विरोधी पक्षनेते,

सभागृहात गुडघ्यांचं म्हणणं नोंदवून घेतलं जात नाही. उठायला त्रास होत असेल तर बसून बोल.

"बघू या" हे मंत्र्यांचं उत्तर आहे, विरोधकाला शोभत नाही. सोबत भाषणाचा कच्चा मसुदा पाठवते आहे. मुद्दाम तुला डिवचायला सातव्या पानावर लिहिलंय की भीड ही भिकेची बहीण, आणि जी संस्था भिडेवर चालते तिथे सगळ्यात कमी बोलणाऱ्याचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. एरवी या वाक्यावर तू मला आठ पानं लिहिली असतीस. लिही.

विभागानं निवृत्तांच्या खोलीत मला एक टेबल दिलंय, खिडकीजवळ. समोर एक रिकामी खुर्ची आहे. येणारे-जाणारे तिच्यावर छत्र्या आणि पिशव्या ठेवतात, मी त्या उचलून खाली ठेवते. का ठेवते, ते मला विचारू नकोस. लिहिताना मान वर केली की समोर कोणीतरी भुवया चढवून बसलेलं असावं असं वाटतं, आणि ते कोणीतरी म्हणजे कोण हे तुला न कळण्याइतका तू ढ नाहीस.

सभापती


१८ ऑक्टोबर

प्रिय,

सव्वा महिना होऊन गेला, तुझी ओळ नाही. दोनदा फोन केला. दोन्ही वेळा वहिनींनी उचलला आणि दोन्ही वेळा तू "जरा बाहेर" होतास. त्यांना खोटं बोलणं जमत नाही, शेजारी तुझा खोकण्याचा आवाज येत होता.

मी जन्मभर लोकांच्या मौनाचा अर्थ लावत आले. मतदार गप्प असला की तो दुखावलेला असतो, हे मीच लिहिलंय. तेव्हा तुझ्याही मौनाचा अर्थ लावला. मागे एकदा अध्यक्षपदासाठी तुझं नाव निघालं होतं आणि लहान गावातल्या कॉलेजचा माणूस म्हणून ते बाजूला पडलं. त्या बैठकीत टिपणं घ्यायला मी होते. मी तुझ्या बाजूनं बोलले, पण आपलं ऐकणारं कोणी नव्हतं. आता त्याच खुर्चीवर मी बसायची आणि तू समोर उभं राहून माझी शोभा वाढवायची, हे तुला लागलं असणार. माझ्या हे आधी लक्षात यायला हवं होतं.

म्हणून आज मी सचिवांना पत्र दिलं. नाव मागे घेतलं आणि तुझं सुचवलं. सचिव म्हणजे आपले कलमकाका, उठता-बसता घटनेतली कलमं सांगणारे. त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं, पत्र खणात ठेवलं आणि म्हणाले, "बघतो."

पदाची मला हौस नव्हती असं म्हणणार नाही. हौस होती, आणि चांगली होती. पण त्या खुर्चीपायी तुझं पत्र येईनासं व्हायचं असेल तर तो सौदा मला परवडत नाही. भिन्नमत मी मांडीन. मला फक्त तू त्या सभागृहात हवा आहेस, व्यासपीठावर असशील किंवा खाली असशील.

सभापती (माजी, होण्याआधीच)


२३ ऑक्टोबर

अगं वेडे,

हे पत्र मिळाल्याबरोबर, चपला घालून, आधी कलमकाकांकडे जा आणि तुझं पत्र परत घे. मग घरी येऊन पुढचं वाच.

मला काहीही लागलेलं नाही. अध्यक्षपदाचं माझ्या मनातही आलं नाही. तुझ्या निवडीनं किती आनंद झाला ते घरात कोणाला सांगता येईना म्हणून संध्याकाळी एकटाच नदीपर्यंत चालत गेलो होतो. गुडघे ठणठणीत आहेत.

खरं कारण सांगतो, हसू नकोस. हसलीस तरी चालेल.

इथल्या वाचनालयाचा मी इतकी वर्षं अध्यक्ष होतो. दर जुलैत वार्षिक सभा व्हायची, कोणीतरी म्हणायचं "सर आहेतच", टाळ्या व्हायच्या आणि मी पुन्हा अध्यक्ष. माझ्या सिद्धांताचा मी जिताजागता पुरावा होतो. माणसं एकमेकांची भीड धरतात, म्हणून संस्था गोडीगुलाबीनं चालते. यंदा मला हुक्की आली. म्हटलं, सभासदांना गुप्त मतदान कसं असतं ते दाखवू. पुठ्ठ्याची पेटी मी स्वतः चिकटवली, तिला फट पाडली, मतदानाच्या गुप्ततेवर छोटंसं व्याख्यानही ठोकलं. समोर उमेदवार हवा म्हणून शिवणक्लासच्या बाईंना आग्रह करून उभं केलं. संध्याकाळी बायकांना येता यावं म्हणून वाचनालय उशिरापर्यंत उघडं ठेवा, असं त्या बरीच वर्षं म्हणत होत्या आणि मी बरीच वर्षं "बघू या" म्हणत होतो.

मला मिळालेली मतं मोजायला एका हाताची बोटं पुरली, आणि त्यातलं एक माझंच होतं.

जेवताना मी म्हटलं, निदान घरची दोन मतं तरी होती. वहिनींनी पानात वाढता वाढता सांगितलं, "भावजी, मी पण बाईंनाच दिलं. तुमच्या तोंडावर कसं सांगणार होते? पेटी आणलीत ते बरं केलंत." दादा मान खाली घालून जेवत राहिले. 

तेव्हापासून वाचनालयात जायची लाज वाटते. बाईंनी वेळ वाढवली आहे. संध्याकाळी खिडक्यांत दिवे दिसतात आणि आत गर्दी असते. मी समोरच्या फुटपाथवरून जातो. आणि मग तुझा मसुदा आला. सातवं पान वाचलं. सगळ्यात कमी बोलणाऱ्याचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. इतकी वर्षं तुझी असली वाक्यं मी खुर्चीत बसून वाचत होतो. भीड ज्याची धरतात त्याला ती गोडच लागते.

तर, सभापती महोदया, मला तुझं म्हणणं पटलं. सगळं. स्वल्पविरामासकट.

आता सांग, मी भिन्नमत कसं मांडू? आणि त्याहून वाईट म्हणजे, पटलं असं तुला कळवलं तर पुढे कळवायला काय उरतं? तू मला लिहितेस ते माझं खोडून काढायला. मी लिहितो ते तुझं खोडून काढायला. आपल्या पत्रांना दुसरं निमित्त आपण कधी ठेवलंच नाही. तुझ्या पाकिटाची वाट बघण्याची मला अशी सवय झालीय की पोस्टमन आमच्या दाराशी न थांबता पुढे गेला की माझा दिवस फुकट जातो. ते बंद होईल या भीतीनं मी गप्प बसलो, आणि गप्प बसून तेच बंद पाडत आणलं. राज्यशास्त्राचा प्राध्यापकच असा शहाणपणा करू जाणे.

नाव मागे घेऊ नकोस. तू रिकाम्या केलेल्या खुर्चीवर मी बसलो तर तीही भिडेचीच खुर्ची. एकदा तिच्यावरून पडलोय, पुरे झालं.

विरोधी पक्ष (विसर्जित)


६ नोव्हेंबर

विसर्जित विरोधी पक्षास,

हसले. इतकी हसले की ताईला ऐकू गेलं. मग तिलाही ओरडून सगळी गोष्ट सांगितली, शेजाऱ्यांनाही आयती कळली असावी. ताईचं म्हणणं, तुझ्या वहिनींना मंडळाच्या कार्यकारिणीवर घ्या.

तू सांगितल्याप्रमाणे आधी चपला घातल्या आणि कलमकाकांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, "तुमचा अर्ज ग्राह्यच धरला नव्हता, बाई. कलम चौदा. नाव मागे घ्यायला दोन माजी अध्यक्षांच्या सह्या लागतात." माझा जीव भांड्यात पडला. नियमानं मला माझ्याच मूर्खपणातून वाचवलं होतं. वाटेत मनातल्या मनात भाषणात एक नवा परिच्छेदही रचला.

घरी येऊन घटना उघडली. कलम चौदा मंडळाचा शिक्का कोणाच्या ताब्यात असावा याबद्दल आहे. नाव मागे घेण्याबद्दल कुठेच काही नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. काका चष्मा पुसत म्हणाले, "इतकी वर्षं मी कलमं सांगतोय, कोणी पुस्तक उघडून पाहिलं नाही. तुम्ही दुखावून लिहिलं होतंत. म्हटलं, थोडे दिवस जाऊ द्यावेत. हे कलम कोणाला सांगू नका."  नियमाच्या अंगरख्यात शिरून आलेली ती साधी भीड होती रे. माझ्यासाठी एका म्हाताऱ्या माणसानं धरलेली. आणि मी तरी अर्ज का दिला होता? कोणत्या नियमानं?

परवा कार्यकारिणीनं नावावर शिक्का मारला. काल भाषणाची शेवटची चार पानं फाडली आणि नव्यानं लिहिली. त्यात तुझी बाजू आली आहे. आता माझी बाजू कोणीतरी घ्यायला हवी, आणि नुकताच भाजून निघालेला माणूस ती जितक्या जोरात मांडेल तितकी मला मांडता येणार नाही.

आपण पुन्हा विरुद्ध बाजूंना आलो आहोत. घाबरू नकोस. ये.

सभापती


२० नोव्हेंबर

सभापती महोदया,

येतो.

नवी चार पानं वाचली. माझी बाजू मी स्वतः इतकी चांगली कधीच लिहिली नव्हती, म्हणून ती खोडून काढताना जिवावर येतंय, पण काढतो आहे. काल हिय्या करून वाचनालयात गेलो आणि तिथेच बसून लिहिलं. शिवणक्लासच्या बाईंनी काही न विचारता दिव्याखालची जागा करून दिली.

इथल्या कॉलेजातले तिघं मिळून गाडी करतोय. वहिनींनी नवा शर्ट आणलाय आणि तो आधी धुवायचा की आधी घालायचा यावर घरात दोन गट पडले आहेत.

एक गोष्ट समक्ष बोलायची आहे. अधिवेशन संपल्यावर. कागदावर नको.

विरोधी पक्ष (पुनर्गठित)


१९ डिसेंबर

प्रिय,

तू पोहोचल्याचं वहिनींकडून कळलं.

भिन्नमत फार चांगलं झालं. सगळे तेच बोलताहेत. शेवटच्या रांगेतले आपले म्हातारे गुरुजी माझ्या भाषणात गाढ झोपले होते, ते तुझ्या वाचनालयाच्या पेटीला जागे झाले आणि शेवटपर्यंत जागे राहिले. तू म्हणालास, "भिडेनं काय काय टिकतं ते मी जन्मभर शिकवलं. भिडेनं काय काय बुडतं ते शिकवायचं राहून गेलं." मग तू पान उलटलंस. पुढच्या पानाकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि खाली बसलास. लोकांना वाटलं, संपलं. टाळ्या झाल्या. त्या पानावर आणखी एक वाक्य होतं हे व्यासपीठावरून मला दिसलं.

मी बाहेर जिन्यापाशी उभी राहिले. आत खुर्च्या एकावर एक रचायचं काम चाललं होतं. लोक येत होते, अभिनंदन करत होते आणि मी त्यांच्या खांद्यांवरून दाराकडे बघत होते. मग तू आलास, हातात पिशवी घेऊन. म्हणालास, "खिडकीजवळ बसतेस, संध्याकाळी ती लावून घेत जा. खोकला वाढतो तुझा." खाली गाडी वाजली. बरोबरची माणसं खोळंबली होती आणि त्यांना ताटकळत ठेवणं तुला बरं वाटेना. सभागृहात भिडेच्या चिंध्या करून तू भिडेखातर जिना उतरलास.

मी घरी आले तेव्हा ताईनं तीन ताटं मांडली होती. मला एकटीला पाहून तिनं एक ताट उचलून जागेवर ठेवलं.

आता माझी भीड चेपली आहे, म्हणून मीच बोलते. तू विभागातली जागा सोडून वडिलांच्या आजारपणासाठी गावी निघालास, तेव्हा मी बसपर्यंत सोडायला आले होते. वाटलं होतं, तू म्हणशील, "चल." मी निघाले असते, विद्यापीठ-बिद्यापीठ सोडून. तू म्हणालास, "पत्र लिही." नियमानं वागणारी मी, सांगितल्याबरहुकूम लिहीत राहिले. तू का बोलला नाहीस ते मला तेव्हाही कळलं होतं. हिची नोकरी, हिचं पुस्तक, हिला कसं अडकवायचं. माझी भीड धरलीस तू. आणि मी का बोलले नाही? तू विचारलं नव्हतंस म्हणून. विचारल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, हा माझा नियम. बघ, दोघांच्याही सिद्धांतांनी कसा संसार केला.

मला तू अधिवेशनाला नको होतास. मला तू सकाळच्या चहाला हवा होतास, रोज. पेपरचं पहिलं पान कोणी घ्यायचं यावर तुझ्याशी भांडायला हवा होतास. दुखण्याखुपण्यात खिडकी लावायला हवा होतास, लावून घे म्हणून सांगायला नव्हे. अजूनही हवा आहेस. माझं वय झालं, पण हे कमी झालेलं नाही, उलट आता करायला दुसरं काम नसल्यामुळे दिवसभर तेच चालतं.

तुला समक्ष सांगायचं होतं ते हेच होतं, असं मी धरून चालते. नसेल तर तसं कळव. नोंदवून घेईन आणि पुन्हा भिडेवर आणि नियमांवर लिहू लागेन.

खुर्चीवर आजही कोणीतरी पिशवी ठेवली होती. आज मी ती उचलली नाही. कंटाळा आला.

तुझी


२७ डिसेंबर

प्रिय,

तू धरून चाललीस तेच ते वाक्य होतं. शेवटच्या पानावर, एकटंच लिहिलेलं. गाडीत बसल्यावर ते मी मनातल्या मनात इतक्या वेळा म्हटलं की शेजारच्यानं विचारलं, काही हवंय का? मी म्हटलं, नाही. बघ, सवय कशी असते.

तुझं पत्र मी ओट्यावर बसून दोनदा वाचलं. वहिनींनी काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा पहिल्यांदाच सांगून टाकलं. त्या आत गेल्या, माळ्यावरची ट्रंक दादांकडून खाली काढवली आणि ओल्या फडक्यानं पुसायला लागल्या. मी म्हटलं, अहो, पण तुम्हा दोघांना या वयात सोडून? तर म्हणाल्या, "इथे तुम्हाला अडवलंय कोणी, भावजी? तुम्ही आमच्यासाठी राहिलात असं तुम्हाला वाटायचं, म्हणून आम्हीही कधी जा म्हटलं नाही." दादा या वेळी मान वर करून म्हणाले, "मी पण त्या दिवशी बाईंनाच मत दिलं होतं." मनावरचं ओझं उतरवायला त्यांना हाच मुहूर्त सापडला.

गुरुवारी येतो, दुपारच्या बसनं. बरोबर ट्रंक आहे, पुस्तकांची दोन खोकी आहेत आणि वहिनींनी दिलेली एक घोंगडी आहे. एवढं सामान म्हणजे दोन दिवसांचा पाहुणा नव्हे, हे तुझ्या लक्षात येईलच. खुर्चीवरची पिशवी काढून ठेव.

आणि तुला किंवा ताईंना हे जमण्यासारखं नसेल, तर स्टँडवरच तोंडावर सांग. माझी भीड धरू नकोस.

तुझा